वाद्यांच्या दुकानात दुसरा माणूस कोणता ठेवावा: काउंटरचा की दुरुस्तीचा?

गोदाकाठ (परभणी)

रामराम मंडळी. वाद्यांचं दुकान आहे, दहा बाय वीसचा गाळा. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक खेड्यातलं: भजनी मंडळं, सप्ताहवाले, शाळा, बेंजो पार्ट्या. शहरातलं म्हणजे गिटार शिकणारी पोरं आणि तबल्याच्या परीक्षेला बसणारी लेकरं. दुकानात मी आणि एक मुलगा. तो ढोलकी बरी वाजवतो, पण दुरुस्ती येत नाही. पेटी, तबला, पखवाज दुरुस्तीला आले की जमा करून बाहेरगावी कारागिराकडं पाठवायचे. परत यायला पंधरा-वीस दिवस लागतात. लोक कटाळायलेत.

आता आणखी एकाचा पगार झेपतो, दोघांचा नाही. बोलायला चांगला, कीबोर्ड-गिटार विकू शकणारा घ्यावा, की कारागीर बसवावा? कारागिराला महिना द्यायचा की कामावर? गाळ्याच्या मागं चार फुटांची पत्र्याची जागा आहे, तिथं त्याचं सामान मांडायचा विचार आहे. आणि आहे त्या मुलाला काय काय शिकवावं, कोणत्या क्रमानं?

मांजराकाठ (लातूर)

नुसता विकणारा घेऊ नका. शोकेसमधली पेटी आज ना उद्या जाते, मोबाइलवरही मिळते. पण सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी पखवाजाची शाई (कातड्यावरचा काळा गोल) उडाली तर माणूस मोबाइल घेऊन बसत नाही, गाडी काढून तुमच्याकडं येतो. त्या वेळी दुकानात हात चालवणारा कुणी नसेल तर पुढच्या वर्षीचे टाळसुद्धा तो दुसरीकडं घेतो.

तरी पूर्ण पगारी कारागीर मी म्हणणार नाही. चांगल्या कारागिराला तीस दिवस पुरेल एवढं काम एका तालुक्याच्या दुकानात बारमाही नसतं. रिकामा बसला की तो कंटाळतो, आणि तुम्हाला पगार टोचतो. आठवड्यातले दोन दिवस ठरवून घ्या, समजा बुधवार आणि शनिवार. त्या दिवसाचा ठरलेला रोज द्या आणि वर मजुरीत हिस्सा. सामान (पुडी म्हणजे तोंडावरचं मढवलेलं कातडं, ते ताणणारी वादी, सूर म्हणजे पेटीतल्या पितळी पात्या, चामडं) दुकानाचं, मजुरीतले साठ टक्के त्याचे, चाळीस दुकानाचे. एक गोष्ट तोंडी ठेवू नका: काम करताना वस्तू बिघडली तर भरपाई कुणाची, आणि पंधरा दिवसांत तीच तक्रार परत आली तर फुकट कोण करणार. पहिली दुकानाची, दुसरं कारागिराचं, असं लिहून ठेवलं की भांडण होत नाही.

ती पत्र्याची जागा मात्र विसरा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. पेटीचे सरसानं चिकटवलेले सांधे सुटतात, ताणलेली पुडी चाटेपाशी (कडेच्या कातडी पट्टीपाशी) फाटते. दुरुस्तीचं टेबल पुढं, रस्त्यावरून दिसेल असं मांडा. तीन फूट बाय दोन फूट पुरतं. पेटी उघडून बसलेला माणूस दिसला की न विचारता काम येतं.

मुलाचा क्रम सांगतो. पहिला महिना फक्त कान आणि हातोडी. रोज सकाळी दुकान उघडल्यावर अर्धा तास, मांडणीतले सगळे तबले आपापल्या पट्टीत (ठरलेल्या सुरात) आणायचे. मोबाइलवर ट्यूनर घ्यायला हरकत नाही, पण आधी पेटीवर सूर धरून कानानं जुळवायचं आणि मग मोबाइलवर ताडून बघायचं. उलटं केलं तर कान तयार होत नाही. दुसऱ्या महिन्यात पेटीची वरवरची दुरुस्ती. गिटारच्या तारा बदलणं तिसऱ्यात, ते सगळ्यात सोपं आहे.

सूरपट्टी (नांदेड)

पेटीचं मी लिहितो. इथं गुरुद्वाऱ्यामुळं कीर्तनाच्या पेट्या भरपूर, त्या रोज तासन्‌तास वाजतात आणि मालकाला त्या दुसऱ्या दिवशी परत हव्या असतात. तेव्हा काउंटरवरच्या मुलाला निदान बिघाड ओळखता आला पाहिजे. बाहेरगावी जाणाऱ्या बऱ्याच पेट्यांचं काम दहा मिनिटांचं असतं.

पेटी समोर आली की लगेच उघडायची नाही. सगळे स्टॉपर (पुढचे ओढायचे खटके, यांनी हवा सुरांकडं जाते) बंद करा, भाता भरा, हात सोडा आणि बघा. भाता भरभर खाली बसला तर गळती भात्यातच आहे: घडीच्या कोपऱ्यावर चामडं झिजलंय किंवा उंदरानं कुरतडलंय. स्टॉपर बंद असताना भाता टिकतो, पण उघडले की हवा जाते, तर दोष पट्ट्यांखालच्या चामड्याच्या गाद्यांमध्ये. ही एक चाचणी मुलाला आली की निम्मं निदान झालं.

मग तक्रारीनुसार.

पट्टी न दाबता सूर चालूच राहतो: पट्टीखालची गादी पूर्ण बसत नाही. कचरा, स्प्रिंग ढिली, किंवा पावसाळ्यात लाकूड फुगून शेजारच्या पट्टीला घासणं. पट्टी काढून बाजूनं घासल्याची चकाकी दिसते का बघा. दिसली तर तेवढ्याच जागी बारीक कागदानं दोन-चार हात. अख्खी पट्टी घासली तर उन्हाळ्यात ती लडबडते.

सूर खरखरतो किंवा येतच नाही: शंभरात ऐंशी वेळा सुराच्या जिभेखाली (हलणाऱ्या पितळी पातीखाली) धूळ असते. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून एकदा फिरवायची, ओढाताण नाही. त्याआधी सुराचे दोन्ही स्क्रू घट्ट आहेत का बघा, ढिल्या स्क्रूचा आवाजही तसाच येतो. तेल किंवा गंज काढायचा फवारा कुणी मारायला सांगितला तर हात जोडा. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात सगळी पेटी मुकी होते.

सूर उतरला: इथं मुलानं थांबायचं आणि कारागिराची वाट बघायची. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी, म्हणजे रिव्हेटजवळ खरवडलं की उतरतो. खाली पातळ पितळी पत्री धरल्याशिवाय खरवडायचं नाही, जीभ वाकते. आणि एकच सूर अचानक, चांगला पाव सूर उतरला असेल तर तो खरवडून चढवू नका. जिभेच्या मुळाशी तडा गेलेला असतो, चार दिवसांत तुटणारच. नवा सूर बसवा. जुना फेकू नका, नव्याची लांबी-रुंदी त्यावरून जुळवायची असते.

दोन-तीन सूरसंचांच्या पेटीत एकेक स्टॉपर वेगळा उघडून जुळवायचं. दोन संच एकत्र वाजवल्यावर आवाजात सेकंदाला एक लाट आली तर फरक एका हर्ट्झचा. लाट थांबेपर्यंत काम. खरवडल्यावर पितळ बोटांनी गरम झालेलं असतं, पाच मिनिटं थांबून परत बघा.

भात्याचं चामडं सरसानंच चिकटवा. बाजारातला पांढरा गोंद धरतो चांगला, पण पुढच्या वेळी काढताना लाकडाची साल घेऊन येतो.

विक्रीबद्दल एकच. सप्ताहात, दिंडीत फिरणाऱ्या मंडळाला स्केल चेंजर पेटी गळ्यात मारू नका. किंमत जास्त येते म्हणून मोह होतो. पण सरकणारा कीबोर्ड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हादरे खातो, एक दांडी हलली की सगळ्या पट्ट्या तिरक्या. साध्या पेटीवरही षड्ज कुठल्याही पट्टीवर धरता येतो, स्केल चेंजरनं फक्त बोटांची सवय बदलावी लागत नाही.

चाट_मैदान (बीड)

मांजराकाठ म्हणतात ते दोन दिवसांचं गणित पेटीला ठीक. कातड्याच्या वाद्याला नाही. आषाढीच्या आधीचे तीन आठवडे आणि गणपतीच्या आधीचे दोन आठवडे कारागीर रोज लागतो, नंतर भाद्रपद सरला की महिनाभर कुणी फिरकत नाही. म्हणून या कारागिराला हंगामावर बांधा: हंगामाची उचल आगाऊ द्या, मजुरी नगावर. उचल दिलेला माणूस ऐन वेळी दुसऱ्या दुकानात जात नाही.

यंदाचा हिशेब वेगळा धरा. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. अधिक महिन्यात सप्ताह जास्त होतात, आषाढी एकादशी थेट २५ जुलैला, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. म्हणजे मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सलग काम. पुड्यांची ऑर्डर एप्रिलमध्येच गेली पाहिजे, नाहीतर आयत्या वेळी ओली, घाईत केलेली शाई मिळते. ती शाई पंधरा दिवसांत तडकते.

मुलाला तबला जुळवताना एवढं पक्कं सांगा. फरक अर्ध्या सुराच्या आत असेल तर गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) काम: वरून ठोकलं की चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो. त्याहून जास्त असेल तर आधी गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे). गठ्ठा खाली ओढला की वाद्या ताणतात, सूर चढतो. गजऱ्याला सोळा घरं (वादीच्या मधल्या जागा) आहेत, एकापाठोपाठ एक ठोकत गेलात तर एक बाजू चढते. एक घर झालं की त्याच्या समोरचं. हातोडी गजऱ्यावरच पडली पाहिजे, चाटेवर पडली तर पुडी गेली.

नवी पुडी चढवून त्याच दिवशी वाद्य देऊ नका. कातडं आणि वादी दोन्ही ताणतात. आज चढवली की उद्या आणि परवा परत ओढायची, मग द्यायचं. गिऱ्हाइकाला तारीख सांगताना हे तीन दिवस धरूनच सांगा.

माप: तोंड दोन दिशांनी मोजा, जुनं खोड (वाद्याचं लाकडी अंग) गोल राहत नाही. तबल्याला सव्वापाच ते साडेपाच इंच म्हणजे साधारण काळी एक (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर), पाच आणि त्याखाली म्हणजे काळी दोन आणि पुढं. डग्ग्याच्या पुड्या नऊ आणि सव्वानऊ इंची ठेवल्या तर बहुतेक काम भागतं. सगळ्या मापांचा साठा करू नका, पुडी वर्षभर पडली की कातडं ताठ होतं.

उन्हाळ्यात कातडं कोरडं होऊन सूर चढतो, पावसाळ्यात ओल पिऊन उतरतो. मांडणीतल्या तबल्यांचे गठ्ठे एप्रिल-मेमध्ये रात्री वर सरकवून ठेवावेत. कंटाळवाणं काम आहे, मुलं टाळतात, आणि जूनमध्ये तीन पुड्या फाटलेल्या निघतात.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक वाजवून झाल्यावर काढून टाका, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचं, दरवेळी सांगायचं. वाळलेली कणीक ओढून काढताना कातडं सोलतं, ओली राहिली तर बुरशी, आणि खेड्यात उंदीर. डावी बाजू फाटून येणाऱ्या पखवाजांचं हेच कारण जास्त.

नटबोल्टच्या पखवाजाला आणि ढोलकीला बोल्ट समोरासमोरच्या जोडीत, एका वेळी पाव फेरा. एका बाजूनं आवळत गेलं तर कडी वाकते, मग कितीही आवळा, सूर एक येत नाही.

गोदाकाठ (परभणी)

लई उपयोगी. पत्र्याच्या जागेचा विचार सोडला. आता एक अडचण: एका गावातून तीन पखवाज येतात, तिन्ही सारखेच दिसतात, आणून देतो एक आणि न्यायला येतो दुसरा. मागच्या हंगामात खोडांची अदलाबदल झाली. आणि सप्ताह कमिटीची उधारी. ती कशी सांभाळता?

खतावणी (जालना)

जमा-पावती दोन प्रतीत करा. त्यात गाव, आणणाऱ्याचं नाव, मालकाचं नाव (दोन्ही वेगळी!), वस्तू, तोंडाचं माप, खोडाचं लाकूड, आधीची मोडतोड, तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, कोणत्या पट्टीत हवं, अंदाजे खर्च, द्यायची तारीख. ‘आवाज बसलाय’ असं तो म्हणाला तर तेच लिहा, ‘पुडी बदलणे’ असं मुलानं आपल्या मनानं लिहू नये. पावती क्रमांक मोडेल अशा चिठ्ठीवर नको. पत्र्याचा छोटा बिल्ला तारेनं कडीला बांधा आणि पावतीसकट फोटो काढा. तबला-डग्गा जोडी असेल तर दोन बिल्ले. जुनी पुडी परत द्या, बदलली याचा तोच पुरावा.

कमिटीची उधारी: अर्धी रक्कम आधी, आणि बाकीसाठी कमिटीच्या नावावर लिहू नका, दोन माणसांच्या नावावर लिहा. वसुलीचा दिवस काल्याचा, म्हणजे सप्ताहाचा शेवटचा. काल्याच्या कीर्तनापर्यंत वर्गणी जमलेली असते, हिशेब तिथंच मांडला जातो. त्यानंतर आठ दिवसांनी गेलात तर पैसा मंडप आणि आचाऱ्यात गेलेला असतो. पेटी भाड्यानं देता का? देत असाल तर देताना आणि घेताना प्रत्येक पट्टी दाबून दाखवायची, दोघांसमोर.

बिलात सगळ्या वस्तू एकाच जीएसटी कोडवर (एचएसएन) टाकू नका. तबला, ढोलकी ९२०६, कीबोर्ड ९२०७, तारा आणि सुटे भाग ९२०९, माइक-स्पीकर-अँप्लिफायर ८५१८. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांचा कर वेगळा आहे, तो भाग तुमच्या सीएकडून एकदा यादी करून घ्या आणि ती काउंटरवर चिकटवा. दुरुस्तीची मजुरी वेगळ्या ओळीत. टाळ किलोवर विकत असाल तर काट्याची पडताळणी वैधमापनवाल्यांकडून वेळेवर करून शिक्का ठेवा.

यूपीआयचा क्यूआर मालकाच्याच खात्याचा. ‘आज माझ्या नंबरवर घेतो, संध्याकाळी देतो’ ही सवय पहिल्या दिवसापासून बंद. मुलावर अविश्वास म्हणून नव्हे, संध्याकाळी हिशेब जुळला नाही की चांगला मुलगा उगाच ओशाळतो.

टाळकरी (हिंगोली)

सगळे कारागिराचंच बोलायलेत, काउंटरवरच्या बोलण्याचंही लिहितो, कारण त्यावरून गिऱ्हाईक ठरतं.

पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ नको. ‘कोण गातंय, कोणत्या पट्टीत?’ हा हवा. महिला मंडळ बहुतेक वेळा काळी चार-पाचच्या आसपास असतं, पुरुषांचं काळी एक-दोन, आणि वारकरी चाल चढली की त्याच्याही वर. पट्टी सांगता येत नसेल तर त्यांना एक ओळ म्हणायला लावा, पेटीवर सूर शोधा आणि तो चिठ्ठीवर लिहून द्या. ती चिठ्ठी लोक वर्षानुवर्षं पेटीत ठेवतात.

टाळ विकताना जोडी दोरीला लोंबती धरून काठावर नखानं टिचकी द्या. दोन्ही एकाच सुरात घुमले पाहिजेत. आवाज लगेच मेला किंवा कापरा आला तर तडा आहे, डोळ्याला दिसला नाही तरी. काशाचा टाळ फरशीवर पडला की तडकतो, पितळेचा वाकतो. दोरीच्या भोकाची धार कानशीनं मोडून द्यायची, नाहीतर नवी दोरी एका सप्ताहात कापते.

आणि पखवाज, वीणा पायाशी ठेवायची नाही, ओलांडायची नाही. शहरातल्या पोराला हे सांगावं लागतं. म्हातारे बुवा तोंडावर काही बोलत नाहीत, पण परत येत नाहीत. हार-नारळ घेऊन वाद्य न्यायला आले तर काउंटरवरचे बॉक्स बाजूला करून तेवढी जागा द्या.

गोदाकाठ (परभणी)

ठरलं मग: पेटीचा कारागीर आठवड्याला दोन दिवस, कातड्याचा हंगामी उचलीवर, आणि उरलेल्या पैशात मुलाचा पगार वाढवतो. एकच राहिलं. गिटारच्या तक्रारी मार्च ते मेमध्येच का येतात? तार फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) घासते म्हणतात, पोरगं तारा बदलून देतं, तरी घासतेच.

सूरपट्टी (नांदेड)

तारांचा दोष नाही. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, मानेचा बाक बदलतो. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या-आठव्यापाशी फट बघा. फट अजिबात नसेल तर मान मागं गेली आहे. ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) अ‍ॅलन कीनं घड्याळाच्या उलट दिशेनं पाव फेरा ढिला करा, तार परत सुरात आणा, दिवसभर ठेवा, मग परत बघा. एका दिवसात पाव फेऱ्याहून जास्त नाही. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर असली की शिकणाऱ्याला बरी.

फ्रेटची टोकं बाजूनं बोटाला टोचत असतील तर तेही आकसण्यामुळंच, बारीक कानशीनं फक्त टोक गोल करा. गिटार शोकेसच्या काचेला लागून पश्चिमेकडं टांगली असेल तर आधी ती जागा बदला.